भाव कुठून येतो? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात मी वाचकांना एक विनंती केली होती. अर्थव्यवस्थेविषयीचा असा एक प्रश्न पाठवा, जो अग्रलेख वाचताना नव्हे, तर दुकानात, बँकेत, बाजार समितीत किंवा स्वयंपाकघरात उभे असताना तुम्हांला पडला असेल. नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी नंदनवन भागातील एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. रेपो दर म्हणजे काय, महागाई निर्देशांक कोण काढते, पतधोरण समितीत किती सदस्य असतात, हे सगळे मला पाठ आहे. परंतु परवा बाबांनी सहज विचारले, ‘रेपो दर कमी झाला म्हणतात, मग आपल्याला काय?’ आणि मला उत्तर देता आले नाही. आम्ही २०२२ च्या सुरुवातीला घरासाठी कर्ज घेतले आहे. वाचलेले आणि जगण्यातले एकत्र कसे आणावे?

उत्तर : तुझ्या बाबांनी विचारलेला प्रश्न परीक्षेतल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा चांगला आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू. १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांवर असे बंधन घातले की बदलत्या व्याजदराची नवी घरकर्जे एखाद्या बाह्य दराशी जोडलेली असावीत. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर, निवडला. तुमचे कर्ज बँकेचे असेल, तर ते बहुधा याच प्रकारचे असेल. कर्जमंजुरीच्या पत्रात तसे लिहिलेले असते, ते आज संध्याकाळी काढून पाहा. मे २०२२ च्या सुरुवातीपर्यंत रेपो दर ४ टक्के होता. रशिया-युक्रेन युद्धामुळे तेल आणि धान्य यांच्या किमती चढून महागाई वाढली, तेव्हा तो टप्प्याटप्प्याने वाढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला आणि तेथे पूर्ण दोन वर्षे थांबला.

आता कागद-पेन घे. २० लाखांचे कर्ज, २० वर्षांची मुदत आणि ७ टक्के व्याज असे धरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १५,५०० रुपये येतो. तेच व्याज अडीच टक्क्यांनी वाढून साडेनऊ टक्के झाले, तर हप्ता सुमारे १८,६०० रुपये होतो. परंतु अनेक घरांत हप्ता वाढलाच नाही, आणि म्हणून कोणाच्या काही लक्षात आले नाही. बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. याचा अर्थ नीट समजून घे : वर्ष झाल्यावरही मुद्दल जवळजवळ वीस लाखच उरलेले असते, आणि साडेनऊ टक्क्यांनी त्याचे एका महिन्याचे व्याजच १५,६०० रुपयांच्या आसपास जाते. म्हणजे १५,५०० रुपयांचा हप्ता वेळेवर भरणाऱ्या माणसाचे कर्ज कमी होत नाही, उलट किंचित वाढते. प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्या कुटुंबांवर हे नकळत ओढवले, ही मला फार गंभीर गोष्ट वाटते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूचना काढल्या की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, याची निवड कर्जदाराला द्यावी, आणि हप्त्यातून व्याजही भागत नाही अशी स्थिती येऊ देऊ नये. फेब्रुवारी २०२५ पासून दर उतरू लागले आणि डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आला. म्हणून बाबांना सांग : बँकेत जाऊन उरलेली मुदत किती महिने आहे ते लेखी विचारा, आणि दर उतरल्याचा फायदा मुदतीत मिळाला की हप्त्यात, हेही विचारा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या २४० हप्त्यांपैकी आज किती उरले आहेत, या एका आकड्यात पतधोरणाचा तुझ्या घरापुरता सगळा इतिहास आहे.

दुसरी गोष्ट अभ्यासिकेच्या दाराशीच आहे. नागपुरातल्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासिकेबाहेर तर्री-पोह्याचा एक ठेला असतो. त्या एका प्लेटमध्ये पोहे, हरभरा, तेल, कांदा, शेव आणि १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर, एवढ्या बाजारांचे भाव एकत्र येतात. घरगुती सिलिंडरचा दर महिनोन्महिने तोच राहू शकतो. व्यावसायिक सिलिंडरच्या दराचा मात्र दर महिन्याच्या १ तारखेला आढावा होतो. तरीही प्लेटचा भाव दर महिन्याला बदलत नाही. तो एकदम पाच रुपयांनी वाढतो, कारण सुट्ट्या एक-दोन रुपयांचा व्यवहार ठेलेवाल्याला परवडत नाही आणि विद्यार्थी गिऱ्हाईक लगेच शेजारच्या ठेल्यावर जाते. भाव वाढण्याआधी काही महिने तर्री पातळ होते, शेव कमी पडते, चमचा लहान होतो. पुढे कच्चा माल स्वस्त झाला तरी प्लेट पूर्वीच्या भावाला परत येत नाही. पुस्तकात ‘चिकट किंमती’ म्हणून जे तू वाचले असशील, ते हेच. एका वहीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्लेटचा भाव आणि शेजारी त्या महिन्याचा सिलिंडरचा दर लिहीत जा. सहा नोंदी झाल्या की ठेलेवाल्या काकांना विचार, की मधल्या काळातला फरक त्यांनी कुठून भरून काढला. ते जे सांगतील, ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नसेल.

प्रश्न : मी प्रतापनगरात राहणारी गृहिणी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाईचा दर पाव टक्क्यावर आल्याची बातमी वाचली. कांदे, टोमॅटो, डाळी स्वस्त झाल्या हे मलाही मान्य आहे. पण आमचा महिन्याचा चाळीस हजारांचा खर्च तिथल्या तिथेच आहे. सरकारी आकडे खोटे असतात का?

उत्तर : ताई, आकडा खोटा नाही आणि तुमचा अनुभवही खोटा नाही. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असतात, हे सांगते.

पहिली गोष्ट अशी की महागाईचा दर म्हणजे किमतींची उंची नव्हे, तर वर्षभरात ती उंची किती वाढली त्याचे माप आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा दर ६.२१ टक्के होता. म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना येणारी सरासरी घराच्या खरेदीची टोपली वर्षाने १०६ रुपये २१ पैशांना आली. त्यानंतरच्या वर्षात ०.२५ टक्के वाढ झाली, म्हणजे ती साधारण १०६ रुपये ४८ पैशांवर पोहोचली. महागाई ‘घसरली’ असे मथळे आले, तरी टोपली १०० रुपयांवर परतली नाही. ती १०६ वर जाऊन जवळपास थांबली. आदल्या वर्षीचा आकडा उंच असला की यंदाची वाढ लहान दिसते. अशा बातमीचा मथळा वाचताना आदल्या वर्षीचा आकडा शेजारी लिहिण्याची सवय मी स्वतः गेली अनेक वर्षे पाळते आहे, आणि वृत्तपत्रांनी तो आकडा पहिल्याच परिच्छेदात द्यावा असे माझे आग्रहाचे मत आहे.

दुसरी गोष्ट त्या टोपलीची. हा आकडा महागाई निर्देशांकाच्या ज्या मालिकेतून आला, तिचे पायाभूत वर्ष २०१२ होते आणि तिच्यातील वजने, म्हणजे कोणत्या खर्चाला टोपलीत किती वाटा हे प्रमाण, २०११-१२ च्या घरखर्चाच्या पाहणीवर आधारलेली होती. त्या टोपलीत अन्न व पेयांचे वजन ४५.८६ टक्के, आरोग्याचे ५.८९ टक्के आणि शिक्षणाचे ४.४६ टक्के होते. देशातील शहरी कुटुंबांचा अन्नावरील खर्च २०२३-२४ च्या पाहणीत सुमारे ४० टक्क्यांपर्यंत उतरलेला दिसतो. तुम्ही पत्रात दिलेल्या हिशोबाप्रमाणे किराणा, भाजी आणि दूध मिळून तुमचे १४,००० रुपये जातात, म्हणजे ३५ टक्के. आणि दोन मुलांची शाळा व शिकवणी मिळून ८,००० रुपये, म्हणजे २० टक्के. देशाच्या टोपलीत शिक्षणाला साडेचार टक्क्यांहून कमी जागा आहे आणि तुमच्या घरात पाचवा हिस्सा. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नपदार्थांच्या किमती वर्षभरापूर्वीच्या तुलनेत सुमारे ५ टक्क्यांनी खाली होत्या. तुमच्या १४,००० रुपयांवर त्यातून ७०० रुपये वाचले असे धरू. परंतु शाळेने आणि शिकवणीने मिळून दहा टक्के वाढ केली असेल, तर तिकडे ८०० रुपये गेले. देशाची टोपली स्थिर राहिली आणि तुमची शंभर रुपयांनी जड झाली.

यात आणखी एक फरक आहे. भाजीचा भाव आठवड्याला खाली-वर होतो, तर शाळेची फी वर्षातून एकदा ठरते आणि खाली कधीच येत नाही. जी घरे शिक्षणावर, औषधांवर आणि भाड्यावर अधिक खर्च करतात, त्यांना उतरत्या महागाईचा दिलासा नेहमी कमी मिळतो. उलट ज्या मजुराच्या घरी कमाईचा निम्म्याहून अधिक भाग खाण्यावर जातो, त्याला भाजी स्वस्त झाल्याचा आनंद तुमच्यापेक्षा जास्त झालेला असतो आणि भाजी महागली की चटकाही त्यालाच जास्त बसतो. म्हणून घरी काम करणाऱ्या ताईंना एकदा विचारा, की त्या दिवाळीत त्यांना स्वस्ताई जाणवली का. मला वाटते त्यांचे उत्तर तुमच्यापेक्षा वेगळे येईल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा करात झालेली कपात तुमच्या हिशोबात आली आहे का, तेही तपासा. नमकीन, पनीर, वैयक्तिक आरोग्य विमा यांसारख्या गोष्टींवरचा कर कमी किंवा शून्य झाला. विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच येत असल्याने तो फरक मासिक खर्चात दिसत नाही.

प्रश्न : इतवारीत तांदळाची पिशवी घ्यायला गेलो, तर दुकानदाराने २५ ऐवजी २६ किलोची पिशवी पुढे केली. पंचवीसची मागितली तर म्हणाले, ‘काका, सव्वीसचीच घ्या, स्वस्त पडेल.’ एक किलो जास्त आणि तरी स्वस्त, हे गणित मला कळले नाही.

उत्तर : दुकानदाराने तुम्हांला बरोबर सल्ला दिला. १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या धान्याच्या पिशवीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. परंतु तो २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर. त्याहून मोठी पिशवी किरकोळ विक्रीची समजली जात नाही, म्हणून तिला कर नाही. नियम येताच देशभरातील गिरण्यांनी २६ किलोच्या पिशव्या शिवून घेतल्या. तांदूळ ६० रुपये किलो धरला, तर २५ किलोचे १,५०० आणि त्यावर ७५ रुपये कर मिळून १,५७५ रुपये होतात. २६ किलोचे होतात १,५६०. पोत्यातून मोजून दिलेल्या सुट्या धान्यावरही कर नाही.

आपल्या इथे भंडारा-गोंदियाचा तांदूळ घरोघरी वर्षाचा भरून ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे मध्यमवर्गीय घराला ही पिशवी सहज परवडते. ज्याला आठवड्याच्या मजुरीतून पाच किलोचे पाकीट घ्यावे लागते, तो मात्र कर भरतो. त्याने सुटा तांदूळ घ्यावा असे म्हणता येईल, आणि अजून आपल्या बाजारांत तो मिळतोही. पण नव्या वस्त्यांतील दुकानांत उघडी पोती कमी होत चालली आहेत, आणि हा कर जसजसा जुना होईल तसतसा त्याचा भार खालच्या बाजूला सरकत जाईल, अशी मला काळजी वाटते.

प्रश्न : आम्ही हिंगणा तालुक्यातले. वडील शेती करतात, मी नागपुरात नोकरीला आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण नागपूरच्या कळमना बाजारात आम्हांला त्याच्या बरेच खाली विकावे लागले. त्याच दिवाळीत आईने सोयाबीन तेल घेतले, तर ते आधीच्यापेक्षा महाग. सोयाबीन आमचे, तेल सोयाबीनचे. मग एक स्वस्त आणि दुसरे महाग कसे? मधला पैसा कोण खातो?

उत्तर : या महिन्याच्या पत्रांत मला सर्वांत जवळचे वाटलेले पत्र हे. आपल्या भागात हा प्रश्न त्या हंगामात प्रत्येक गावात विचारला जात होता, आणि त्याला ‘व्यापारी खातो’ एवढेच उत्तर मिळत होते. व्यापाऱ्याचा वाटा असतोच, पण केवळ तेवढ्याने हे कोडे सुटत नाही.

आधी तेलाकडे पाहू. भारत आपल्या गरजेच्या अर्ध्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो : पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनकडून. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या तेलांवरील एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केले आणि शुद्ध केलेल्या तेलावरील १३.७५ वरून ३५.७५ टक्के. हेतू तुमच्या वडिलांसारख्या शेतकऱ्याला भाव मिळावा हाच होता. बाहेरचे तेल महाग झाले, त्याबरोबर देशातील तेलही महागले, आणि ते ऐन सणाच्या तोंडावर आईच्या पिशवीत आले. येथवर सर्व सरळ आहे.

आता सोयाबीनकडे वळू. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड, जिला आपण ढेप म्हणतो. सोयाबीन हे नावाने तेलबी असले तरी वजनाने ते पेंडीचे पीक आहे. गिरणीवाला सोयाबीनला किती भाव देणार, हे तेल आणि पेंड या दोन्हींतून मिळून काय हाती येते त्यावर ठरते. एक काल्पनिक हिशोब करा : तेल किलोमागे २० रुपयांनी वाढले, तर क्विंटलमागे ३६० रुपये जास्त मिळाले. त्याच वेळी पेंड किलोमागे फक्त ५ रुपयांनी उतरली, तर ८० किलोंवर ४०० रुपये गेले. तेल महागूनही गिरणीवाल्याला सोयाबीन आधीपेक्षा स्वस्तच घ्यावे लागेल.

मग पेंड का उतरली? तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोंबडीपालन. आणि येथे तुम्हांला पेट्रोलपंपावर यावे लागेल. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण सरकारने वेगाने पुढे नेले आणि २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. पूर्वी हे इथेनॉल मुख्यतः उसापासून येई. २०२३ चा पावसाळा कमी झाला, साखर कमी पडेल या भीतीने डिसेंबर २०२३ मध्ये उसाचा रस इथेनॉलकडे वळवण्यावर निर्बंध आले, आणि कारखाने मक्याकडे वळले. मक्यातून इथेनॉल काढल्यावर प्रथिने असलेला एक चोथा उरतो. व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यातील प्रथिने सोयापेंडीपेक्षा कमी असतात, पण तो पुष्कळ स्वस्त असतो. कोंबडीच्या खाद्यात त्याने सोयापेंडीची जागा घ्यायला सुरुवात केली. त्यातच अमेरिका-ब्राझीलमध्ये सोयाबीनचे पीक भरपूर आल्याने जगातही पेंड स्वस्त होती, त्यामुळे निर्यातीची वाट अरुंद झाली. तुम्ही दुचाकीत भरलेले पेट्रोल, वाडीजवळच्या एखाद्या पोल्ट्रीतले खाद्य आणि हिंगण्यातल्या शेतातले सोयाबीन यांचा संबंध असा जुळतो. कोणा एका माणसाने मधले पैसे खाल्ले नाहीत. एका धोरणाने वर उचललेला भाव दुसऱ्या धोरणाने खाली ओढला, आणि ही दोन धोरणे ठरवणारी मंत्रालये वेगळी होती.

उरला हमीभाव. हमीभाव जाहीर होणे आणि तो मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. तो मिळण्यासाठी खरेदी केंद्र सुरू झालेले असावे लागते, नोंदणी झालेली असावी लागते आणि माल कोरडा असावा लागतो. त्या वर्षी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. परतीच्या पावसात सापडलेल्या मालाला ती पाळणे अशक्य होते, म्हणून नोव्हेंबरमध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली गेली. परंतु ज्या शेतकऱ्याला दिवाळी करायची होती, हार्वेस्टरचे आणि मजुरीचे पैसे द्यायचे होते आणि हरभऱ्याची पेरणी उभी राहिली होती, त्याने तोवर माल कळमन्याला किंवा गावच्या व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. थांबण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्याला भाव मिळतो. ती ताकद माल गोदामात ठेवून त्याच्या पावतीवर मिळणाऱ्या कर्जातून येऊ शकते, आणि आपल्या तालुक्यांत ती सोय गावापासून किती अंतरावर आहे, हे वडिलांना आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांना विचारून पाहा. माझ्या मते हमीभावाच्या आकड्यावर जितकी चर्चा होते, तितकी या अंतरावर व्हायला हवी.

कथेचा पुढचा भागही तुमच्या डोळ्यांसमोर घडला. ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरील मूळ शुल्क निम्म्यावर आणले गेले आणि एकूण शुल्क १६.५ टक्के झाले. गृहिणींना दिलासा मिळावा म्हणून. त्या खरिपात देशात मक्याचा पेरा वाढला आणि सोयाबीनचा घटला. तुमच्या शिवारात किती शेतांत सोयाबीनच्या जागी मका उभा होता, ते आठवून पाहा.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. अर्थशास्त्राचा धडा आला की कंटाळतो. एखाद्या रविवारी त्याला नागपुरात कुठे नेले, तर त्याला या विषयाची गोडी लागेल? – एक पालक, महाल

उत्तर : तुमच्या घराजवळच न्या. एम्प्रेस मिलच्या जागी आज उभ्या असलेल्या मॉलच्या समोर उभे राहा आणि त्याला विचारा, की जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये गिरणी मुंबईत न काढता येथे का काढली असेल. त्याला लगेच सांगू नका. आधी रेल्वे स्थानकाकडे चालत जा. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली, ती मुख्यतः वऱ्हाड-विदर्भाचा कापूस बंदरावर नेण्यासाठी. बहुतेक गिरणीवाले कापूस मुंबईला नेऊन सूत काढत होते. टाटांनी कापूस जेथे पिकतो तेथे गिरणी आणली आणि सूत-कापड विकायला तीच रेल्वे वापरली. कापसाच्या गाठी ओढण्यापेक्षा कापड ओढणे त्यांना परवडले. मुलाने हे स्वतः ओळखले, तर उद्योग कोठे उभा राहतो याचा धडा त्याला पुन्हा वाचावा लागणार नाही.

मग त्याला पुढचा भाग सांगा, तोही प्रामाणिकपणे. याच गिरणीने कामगारांसाठी निवृत्तिवेतन आणि अपघात भरपाई एकोणिसाव्या शतकातच सुरू केली होती, आणि हीच गिरणी विसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रमाग, जुनी यंत्रे आणि तोटा यांच्या ओझ्याखाली खचून २००२ मध्ये कायमची बंद झाली. तुमच्या महालात आजही अशी घरे आहेत जिथले आजोबा ‘मिलमध्ये’ होते. एखाद्या आजोबांकडे त्याला अर्धा तास बसवा आणि पगार, भोंगा, बोनस, आणि शेवटचा दिवस यांविषयी ऐकू द्या. मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे असे पाठवत आले, आणि परत आल्यावर त्यांचे प्रश्न बदललेले असत.

वेळ उरला तर समृद्धी महामार्गाच्या नागपूरकडील टोकापर्यंत जाऊन या. १८६७ ची रेल्वे आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता, दोन्ही नागपूरला मुंबईशीच जोडतात. येताना काय भरून येते आणि जाताना काय भरून जाते, हे त्याने टोलनाक्यावरच्या मालट्रककडे पाहून मोजावे.

प्रश्न : बांगलादेशात काही घडले की आमच्या संत्र्याचे भाव पडतात असे काटोलचे नातेवाईक म्हणतात. हे खरे की नुसतीच चर्चा?

उत्तर : खरे आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण फळाचा स्वभाव तोच राहिला : साल सैल, रस भरपूर, टिकण्याची मुदत थोडी. त्यामुळे ते लांबच्या देशांत जहाजाने पाठवणे अवघड, आणि ट्रकने पोहोचणारा बांगलादेश हा त्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक ठरला. त्या देशाने गेल्या काही वर्षांत संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने इतके वाढवले की पुष्कळ माल सीमेपलीकडे जाणे परवडेनासे झाले. जे फळ तिकडे गेले नाही, ते नाहीसे होत नाही. ते कळमन्यात येते, आणि आंबिया बहाराच्या, म्हणजे वर्षाच्या अखेरीस निघणाऱ्या पिकाच्या, ऐन दिवसांत, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, एकाच वेळी येते. म्हणून ज्या वर्षी सीताबर्डीच्या हातगाड्यांवर संत्री आपल्याला अगदी स्वस्त मिळतात, त्या वर्षी काटोलला फोन करून त्यांना बागेचा सौदा कितीला झाला ते विचारावे, आणि मृग बहाराची, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघणारी, फळे झाडांवर किती धरली आहेत, हेही विचारावे. त्यांचे उत्तर फेब्रुवारी-मार्चच्या भावाची पहिली खबर असते.